झोप लागत नाही की झोप पुरत नाही?

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात उतरणाऱ्यांची कामे नाना तऱ्हेची असतात. कुणी मंत्रालयात अडकलेली फाइल हलवायला आलेला असतो, कुणी मुलाखतीला, कुणी आईला एम्समध्ये दाखवायला. घरी वेगवेगळ्या खोल्यांत झोपणारी माणसे अशा प्रवासात एका खोलीत येतात आणि सकाळी चहाच्या वेळी पुतण्या म्हणतो, "काका, रात्री तुमचा श्वास मध्येच थांबत होता. मी दोनदा उठून पाहिलं." काका हसण्यावारी नेतात. "अरे, घोरायची सवयच आहे मला. झोप कशी मस्त लागते!"

यातले पुतण्याचे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचे, आणि काकांचे वाक्य या आजारातला सगळ्यात जुना गैरसमज. आपल्याकडे घोरणे हा गाढ झोपेचा पुरावा मानला जातो. 'डाराडूर' या शब्दातच तो आवाज आहे. घरात कुंभकर्णाच्या गोष्टी निघतात, चेष्टा होते आणि विषय संपतो. मग त्याच घरातला माणूस दुपारी कार्यालयात पेंगतो, संध्याकाळी चिडचिड करतो, रक्तदाबाची तिसरी गोळी सुरू करतो आणि रात्री औषधाच्या दुकानातून 'झोपेची एखादी साधी गोळी' मागतो. तीच गोळी त्याला सगळ्यात जास्त धोक्याची असते.

वाचकांचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो, कारण आपण दोन वेगळ्या तक्रारी एकाच नावाने सांगतो. एक, झोप लागत नाही: अंथरुणावर पडून छताकडे पाहत राहणे, पहाटे तीनला जाग येणे. दुसरी, झोप पुरत नाही: सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटणे. पहिली तक्रार बहुतेक वेळा निद्रानाशाची असते. दुसरीमागे झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असण्याची शक्यता मोठी. दोन्हींचे डॉक्टर, तपासण्या आणि उपचार वेगळे आहेत. तेव्हा आधी आपली तक्रार कोणती ते ठरवा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण तो निवाडा डॉक्टरांवर सोडा.

रात्री घशात काय घडते

जाग असताना घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग खाली येतो. वाट अरुंद झाली की घोरणे, आणि पूर्ण बंद झाली की श्वासरोध. छाती ओढ घेत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून शरीराला हलवून जागे करतो, आणि एक मोठा फुरफुरता आवाज होऊन श्वास सुरू होतो. झोपलेल्याला याचा पत्ता नसतो. अशी अडवणूक निदान दहा सेकंद टिकली तरच ती मोजतात.

तासाला तीस वेळा श्वास अडणारा माणूस सात तासांत दोनशेहून अधिक वेळा अर्धवट जागा होतो. प्रत्येक वेळी ॲड्रिनलिनचा झटका बसतो, नाडी आणि रक्तदाब उसळतो. अशी वर्षे गेली की त्याचे परिणाम रक्तवाहिन्यांवर दिसू लागतात. गोळ्यांना दाद न देणारा उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य, विसराळूपणा, कामेच्छा घटणे या सगळ्यांशी या विकाराचा संबंध आढळला आहे. आणखी एक लक्षण बरेच जण भलत्याच खात्यात टाकतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे म्हणजे प्रोस्टेटच, असे पन्नाशीतले पुरुष गृहीत धरतात. श्वास अडल्यावर छातीत जो ताण तयार होतो, त्यामुळे हृदय एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंड जास्त लघवी तयार करते. काहींची ही धावपळ श्वासाच्या उपचारानेच थांबते.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत जुहूच्या रुग्णालयात संगीतकार बप्पी लाहिरी वयाच्या ६९व्या वर्षी गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले. अनेक मराठी घरांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लाहिरींना छातीचा संसर्गही वारंवार होत होता, त्यामुळे 'घोरण्याने माणूस मरतो' एवढाच अर्थ त्यातून काढू नये. पण हा विकार इतर आजारांची बाजू भक्कम करतो, हे त्या बातमीने लोकांपर्यंत पोहोचवले.

मुंबईशी या विषयाचे नाते त्याहून जुने आहे. हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतला श्वासदोष निघाला आणि ७.५ टक्के पुरुषांना दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार होता. ही माणसे स्वतःला धडधाकट समजत होती. एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२३ मध्ये मांडलेला अंदाज असा: प्रौढ भारतीयांपैकी सुमारे ११ टक्के, पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५, आणि कामकरी वयातले सुमारे साडेदहा कोटी लोक.

पहिली पायरी: साक्षीदार गाठा

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना बायको, नवरा, मुलगा किंवा खोलीतला सोबती यांना बरोबर न्या. ते शक्य नसेल तर त्यांना रात्री मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा. आवाज थांबतो, छाती हलत राहते आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास येतो, एवढे त्यात दिसले तरी पुरे. एकटे राहत असाल तर फोन उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा.

मग स्वतःला गुण द्या. कॅनडातल्या टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी तयार केलेली प्रश्नावली आता जगभर वापरतात. प्रत्येक 'हो'ला एक गुण:

- बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतके मोठ्याने घोरता का?
- दिवसा वारंवार थकवा किंवा पेंग येते का?
- झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का?
- रक्तदाब आहे किंवा त्यावर औषध चालू आहे का?
- बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन) ३५ पेक्षा जास्त आहे का?
- वय ५० च्या वर आहे का?
- मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आहे का? (शर्टाची कॉलर साधारण १६ इंची लागते का, ते पाहा.)
- तुम्ही पुरुष आहात का?

दोनपर्यंत गुण असतील तर धोका कमी, तीन-चार असतील तर मध्यम, पाच किंवा अधिक असतील तर जास्त. बीएमआयचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे त्याहून बरेच कमी वजन असलेल्या माणसांनाही हा विकार होतो. हनुवटी मागे असलेले, जबडा लहान असलेले सडपातळ लोकही त्यात सापडतात. 'मी कुठे जाडा आहे?' असे म्हणून तपासणी टाळू नका.

बायकांच्या बाबतीत ही प्रश्नावली तोकडी पडते. त्या मोठ्याने घोरत नसतील, किंवा घोरल्या तरी ते सांगायला संकोचतात. त्यांची तक्रार 'सारखा थकवा', 'सकाळी डोके जड', 'झोप मोडते' अशी येते आणि ती रक्तक्षयाच्या किंवा मनःस्तापाच्या खात्यात जाते. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो. गरोदरपणात नव्याने घोरणे सुरू झाले आणि रक्तदाबही वाढू लागला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ते न विचारता सांगा.

मुलांचे गणित आणखी वेगळे. आठ वर्षांचा मुलगा तोंड उघडे टाकून झोपतो, घोरतो, अंथरूण ओले करतो आणि वर्गात एका जागी बसत नाही. शिक्षकांना तो व्रात्य वाटतो. अशा मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड हे नेहमीचे कारण, आणि ते काढणे हा पहिला उपाय. त्यामुळे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

दिल्लीत असाल तर कुठे जाल

जुन्या लोकांना कर्झन रोड म्हणून ठाऊक असलेल्या कस्तुरबा गांधी मार्गावर सरकारी आणि खासगी कार्यालये आहेत, हिंदुस्तान टाइम्सची इमारत आहे आणि रात्रपाळी करणारी माणसेही आहेत. इथून सरकारी रुग्णालये लांब नाहीत. कॅनॉट प्लेसलगत लेडी हार्डिंग, पलीकडे बाबा खडकसिंग मार्गावर राम मनोहर लोहिया. एम्स आणि त्याच्या समोरचे सफदरजंग या दोन्ही ठिकाणी छातीविकार विभागाच्या नावातच 'स्लीप मेडिसिन' आहे. बाराखंबा रोड स्थानकावरून राजीव चौकात मेट्रो बदलली की पिवळी मार्गिका एम्सच्या दारात सोडते. एम्सच्या ओपीडीसाठी सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर आधी वेळ घ्या. नुसते रांगेत उभे राहण्याच्या भरवशावर गावाहून निघू नका.

भाषेची एक गंमत सांभाळा. हिंदीत घोरण्याला 'खर्राटे' म्हणतात. 'ये रातभर घोरते हैं' असे मराठी वळणाने सांगितलेत, तर डॉक्टरांना ऐकू येईल 'घूरते हैं', म्हणजे रात्रभर टक लावून पाहतात. तसे झाले तर तुम्हाला मनोविकार विभागाची चिठ्ठी मिळायची!

महाराष्ट्रात असाल तर या तपासणीसाठी दिल्ली गाठायची गरज नाही. मुंबई, पुणे, नागपूर इथे सोय आहे. छातीविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांपैकी कुणाकडूनही सुरुवात करता येते. त्यांना झोपेच्या विकारांचा अनुभव आहे का, हे मात्र विचारून घ्या.

तपासणी: कुठली आणि कशासाठी

'स्लीप स्टडी' दोन तऱ्हेची असते. पहिलीत रात्रभर रुग्णालयात झोपायचे. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला, पायांना तारा लावतात, नाकाशी हवेचा माग घेणारी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा असतो. तंत्रज्ञ रात्रभर पडद्यावर पाहत बसतो. दुसरी घरी. लहान यंत्र मिळते, ते बांधून स्वतःच्या अंथरुणात झोपायचे. ती स्वस्त आणि सोयीची. घोरणे, श्वास थांबणे, पेंग अशी सगळी लक्षणे स्पष्ट असतील आणि हृदय-फुप्फुसांचा दुसरा मोठा आजार नसेल, तर घरची तपासणी पुरते.

सावधगिरी इथे हवी. घरच्या यंत्राला तुम्ही खरोखर किती तास झोपलात ते नीट कळत नाही, म्हणून विकाराची तीव्रता कमी दिसू शकते. लक्षणे जोरदार आणि घरचा अहवाल 'नॉर्मल', असे झाले तर रुग्णालयातली तपासणी मागा. मनगटावरच्या घड्याळाबद्दलही लोक हल्ली विचारतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या घड्याळांतल्या या सोयीला परवानगी दिली, पण ती सूचना देण्यापुरती. घड्याळाच्या भरवशावर ना उपचार सुरू करा, ना निर्धास्त व्हा.

अहवालात एक आकडा पाहा. एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. प्रौढांसाठी पाचच्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. त्याशेजारी प्राणवायू सर्वांत खाली कुठे उतरला आणि पाठीवर झोपल्यावर आकडा किती वाढला, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर उपचार बदलू शकते.

उपचारांचा बाजार

सिडनीतले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडलेली युक्ती आजही मुख्य उपचार आहे. नाकावर मुखवटा, नळी, आणि हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र. त्याला सगळे 'सीपॅप' म्हणतात. मध्यम आणि तीव्र विकारात पहिल्या आठवड्यातच दिवसाची पेंग उतरल्याचा अनुभव पुष्कळांना येतो.

पण हे यंत्र म्हणजे रामबाण आहे, असे कुणी सांगितले तर थोडे थांबा. भारतासह सात देशांत, आधीच हृदयरोग किंवा पक्षाघात झालेल्या सुमारे २,७०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सीपॅपने पेंग आणि घोरणे कमी झाले, मनःस्थिती सुधारली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. त्यांचा सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. अर्ध्या रात्री मुखवटा काढून ठेवला तर उरलेली अर्धी रात्र घसा पुन्हा बंदच. डॉक्टर निदान चार तास, जमल्यास पूर्ण झोपभर वापर असा आग्रह धरतात, तो यासाठी.

मशीन घेताना पुढील गोष्टी पाळा:

- तपासणी आणि लेखी चिठ्ठीशिवाय मशीन घेऊ नका. किती दाब लागतो ते ठरवावे लागते, किंवा दाब आपोआप जुळवणारे यंत्र लागते.
- खरेदीपूर्वी दोन आठवडे भाड्याने घ्या. बरेच विक्रेते देतात.
- पैसे मशीनवर मोजले जातात, पण यश मुखवट्यावर ठरते. दोन-तीन प्रकार लावून पाहा. मिशी-दाढी असेल किंवा तोंडाने श्वास घेत असाल तर आधीच सांगा.
- जुने, वापरलेले यंत्र घेत असाल तर त्याचा क्रमांक कंपनीकडे तपासा. एका मोठ्या कंपनीने आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे जून २०२१ मध्ये लाखो यंत्रे परत बोलावली होती. तसली यंत्रे आजही हातोहात फिरू शकतात.
- पाण्याच्या भांड्यात शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरा, मुखवटा रोज धुवा. दिल्लीच्या हिवाळ्यात धूर-धुळीने नाक चोंदते. तेव्हा यंत्राचे फिल्टर अधिक वेळा बदला आणि नाकाचा उपचार आधी करून घ्या.

मशीन नको असेल, किंवा विकार सौम्य असेल, तर पर्याय आहेत. दंततज्ज्ञ खालचा जबडा थोडा पुढे धरणारा साचा बनवून देतात. दात आणि हिरड्या मजबूत असतील तर तो सौम्य-मध्यम विकारात उपयोगी पडतो. काहींचा श्वास केवळ उताणे झोपल्यावर अडतो. त्यांना कुशीवर झोपण्याची सवय लावणे हा खरोखरचा उपचार आहे. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही चालते. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायला आपण 'वामकुक्षी' म्हणतो. नाव दुपारचे असले तरी रात्रीही कूस धरायला हरकत नाही.

वजन उतरवणे हे सांगायला सोपे, पण फळ देणारे काम आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम-तीव्र श्वासरोधासाठी मान्यता दिली. हे औषध भारतात २०२५ मध्ये आले. मित्राचे वजन उतरले म्हणून स्वतः सुरू करण्याची ही गोष्ट नाही, आणि ते सुरू केल्याच्या दिवसापासून मशीन बंद करण्याचीही नाही. घशाची शस्त्रक्रिया कोणाला लागू पडेल ते घशात नेमकी अडचण कुठे आहे यावर ठरते. 'लेझरने घोरणे कायमचे बंद' अशी जाहिरात दिसली तर, तुमचा एएचआय उपचारानंतर पुन्हा मोजून देणार का, एवढाच प्रश्न विचारा. नाकात घालायची कडी, तोंडाला लावायची पट्टी यांच्याबाबतही तेच. आवाज कमी झाला म्हणजे श्वास सुटला असे होत नाही.

गोळी आणि पेग

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची औषधे २०१४ पासून 'शेड्युल एच-१' मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे आणि दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे असते. दुकानदार ओळखीचा असला तरी मागू नका. या गटातल्या बऱ्याच गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूचे जागे होणेही मंदावतात. ज्याचा जीव त्या जागे होण्यावर चालला आहे, त्याच्यासाठी हा उलटा उपचार. दारूचेही तसेच. दोन पेगांनी झोप लवकर लागते, पण श्वास अधिक अडतो.

खरा निद्रानाश असेल, म्हणजे आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिने किंवा अधिक काळ, तर त्यावर पहिला उपचार गोळी नव्हे. निद्रानाशासाठी बनवलेली विचार-वर्तन उपचारपद्धती चार ते आठ भेटींत शिकवतात: उठण्याची वेळ एकच ठेवणे, अंथरुणात जागे पडून न राहणे, झोपेविषयीची धास्ती उलगडणे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ ती देतात. चिंता, नैराश्य यांनी झोप गेली असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस मदतवाहिनीवर मोफत बोलता येते, मराठीतही.

आणखी दोन तक्रारी ओळखून ठेवा. अंथरुणात पडल्यावर पायांत मुंग्या-वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तर डॉक्टरांकडून फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा तपासून घ्या. कित्येकदा लोहाची भर घातल्यावर ही तक्रार शमते. आणि साठीनंतरचा माणूस स्वप्नात हातपाय झाडू लागला, ओरडू लागला, शेजारच्याला फटका बसू लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हे काही वेळा कंपवाताचे आगाऊ चिन्ह असते.

पैसे कोण देणार, आणि तुमचे हक्क

घरी वापरायच्या मशीनचा खर्च सर्वसाधारण आरोग्य विम्यात बहुधा बसत नाही. नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात तर तोही दावा फेटाळला जाऊ शकतो, कारण निदानापुरते दाखल होणे हा प्रमाणित अपवाद आहे. म्हणून तपासणीआधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मात्र अटींसह मिळू शकते. विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेत बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्निया यांसारखा आजार, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे तुमच्या अहवालातला 'तीव्र' हा शब्द पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा.

नवी पॉलिसी घेताना हा विकार लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. लपवलेली माहिती उघड झाली तर मात्र पुढे हृदयाचा दावाही अडचणीत येतो. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे, तिथे शुल्क नाही. नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५. मशीन सदोष निघाले आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५.

केंद्र सरकारी नोकर आणि निवृत्त मंडळींना सीजीएचएसमधून मशीनचा खर्च ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी तज्ज्ञांची शिफारस, झोपतपासणीचा अहवाल आणि पूर्वपरवानगी लागते. आधी मशीन आणून मग बिल लावणाऱ्यांची प्रकरणे अडकतात. घरच्या लहान यंत्रावरचा अहवाल चालेल की रुग्णालयातलाच हवा, हे आपल्या वेलनेस सेंटरमध्ये विचारूनच तपासणी करा. आयुष्मान कार्ड मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असते, घरच्या मशीनसाठी त्यावर विसंबू नका.

तुमच्या कागदांवर तुमचा हक्क आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. फक्त एक पानी निष्कर्ष न घेता पूर्ण अहवाल मागा. दुसरे मत घेताना तोच लागतो.

झोपेचा हक्क न्यायालयांनीही मानला आहे. कस्तुरबा गांधी मार्गाहून फार लांब नसलेल्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये मध्यरात्री झोपलेल्या जमावावर पोलिसांनी केलेल्या कारवाईच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात झोप ही घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर जबाब नोंदवण्याच्या तपास यंत्रणेच्या पद्धतीवर याच कारणाने नापसंती नोंदवली. रोजच्या व्यवहारात याचा उपयोग एवढाच की शेजारचा मांडव रात्री दहानंतर गाजत असेल तर गप्प बसायचे कारण नाही. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ११२ वर तक्रार करता येते.

तीन प्रसंगी न विसरता सांगा

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना. भूल उतरताना आणि वेदनाशामके चालू असताना श्वास अडण्याचा धोका वाढतो. मशीन रुग्णालयात बरोबर न्या.

गाडीची किल्ली उचलताना स्वतःला. सिग्नलला उभे असताना डोळा लागतो, गेले पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, अशी अवस्था असेल तर उपचार लागू पडेपर्यंत लांबचे ड्रायव्हिंग बंद. खिडकी उघडून गार वारा घेणे आणि गाणी मोठ्याने लावणे याने पेंग जात नाही. घरी चालक ठेवला असेल तर त्याच्याही झोपेची चौकशी करा. रात्री दोनला विमानतळावरून आणून सकाळी सातला पुन्हा बोलावणे मालकाच्याही अंगाशी येते.

आणि प्रवासात सोबत्यांना. विमानात मशीन हातातल्या सामानात ठेवा. बॅटरी असेल तर ती केबिनमध्येच न्यावी लागते, १०० वॅट-तासांपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. राजधानी एक्सप्रेसने मुंबई-दिल्ली करणाऱ्यांनी डब्यातल्या सॉकेटवर अवलंबून राहू नये. चार्जिंगची सॉकेटे रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचे धोरण रेल्वेने आगीच्या भीतीने अवलंबले आहे, आणि मशीनला वीज हवी असते ती नेमकी त्याच वेळेत. बॅटरीची सोय नसेल तर खालचा बर्थ घ्या, कूस धरून झोपा, आणि समोरच्या बर्थवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की श्वास थांबलेला दिसला तर खुशाल हलवून उठवा.